जास्वंदीवरच्या कोळ्याचे डोळे शार्प येईनात, मदत हवीय

परड्यातली (रविवार, रात्री ९:४२)

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही चिपळूणजवळ राहतो, घरामागे परडं आहे, त्यात जास्वंद, कढीपत्ता, चार पोफळी आणि आपोआप माजलेलं अळू. पाऊस ओसरला की दरवर्षी तिथे कोळ्यांचं राज्य असतं पण त्यांच्याकडे नीट असं यंदाच बघितलं, कारण नवऱ्याचा जुना कॅननचा डीएसएलआर कपाटात बुरशी खात पडला होता तो मी बाहेर काढला. सोबत १८-५५ (साधी) आणि ५५-२५० (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्स आहेत.

तर जास्वंदीवर एक कोळी राहतो. पिवळट पांढरा, पाठीवर दोन लांब तांबूस पट्टे, डोळ्यांभोवती शेंदरी कडा, करंगळीच्या नखाएवढा असेल. जाळंबिळं काही विणत नाही, या पानावरून त्या पानावर उड्या मारत फिरतो आणि मुख्य म्हणजे मी जवळ गेले की वळून माझ्याकडे बघतो! म्हणजे खरंच बघतो हो, मी डावीकडे सरकले की तोही तेवढाच वळतो. गेला आठवडाभर रोज सकाळी चहा गॅसवर ठेवून मी तिथे जाते आणि चहा उतू जातो.

फोटो मात्र विचारू नका. चार दिवसांत तीनशेच्या वर काढले असतील. ५५-२५० ला जवळचं दिसत नाही, मागे सरकावं तर कोळी फ्रेममधे मुगाएवढा. मग नेटवर वाचून १८-५५ उलटी करून कॅमेऱ्यासमोर हातानेच धरली, तर मोठा दिसला खरा पण एक पाय शार्प आणि बाकी सगळा धूर. कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडला तर डोळ्यात पांढरा टिंब आणि पाठ अशी जळालेली की पट्टेच गायब.

मला फार काही नको, फक्त ते दोन मोठे डोळे नीट यायला हवेत. मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी) घ्यायची ऐपत नाही (म्हणजे आहे पण घरी सांगता येणार नाही). पाच-सात हजारांत काय होईल? आणि हा चावतो का? सासूबाई म्हणतात कोळी अंगावर मुतला की फोड येतात, आणि दसऱ्याच्या आधी त्यांची जळमटं काढायची मोहीम निघणार आहे, त्यामुळे माझ्याकडे वेळ कमी आहे.

---

भिंगवाला (रविवार, रात्री १०:३०)

ताई, एक पैसा खर्च करायच्या आधी हे वाचा.

लेन्स उलटी धरलीत ते बरोबरच होतं, घोळ वेगळा आहे. कॅननच्या या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) विजेवर चालतं, लेन्स कॅमेऱ्यातून काढली की ते सताड उघडं राहतं. म्हणजे उलट्या लेन्सचे सगळे फोटो तुम्ही सताड उघड्या भोकावर काढलेत. मॅक्रोमधे १:१ ला म्हणजे कोळी जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर पडतो तेव्हा एफ ८ (आकडा मोठा तितकं भोक लहान) लावूनसुद्धा पाऊण मिलिमीटर जाडीचा भागही शार्प मिळत नाही, मग सताड उघड्यावर काय मिळणार, एक पाय मिळाला हेच नशीब.

उपाय फुकट आहे. लेन्स सुलटी लावा, एफ ८ किंवा ११ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण (भोक आधीच मिटवून दाखवणारं) दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच लेन्स फिरवून काढा. आत डोकावून बघा, भोकाभोवतीच्या पाकळ्या मिटलेल्या दिसतील आणि तशाच राहतील. आता उलटी लावा. हातात धरू नका, रिव्हर्स रिंग मिळते, काही शे रुपयांत, फक्त लेन्सच्या पुढच्या आट्यांचा व्यास बघून घ्या, लेन्सच्या तोंडावर लिहिलेला असतो. व्ह्यूफाइंडरमधे अंधार वाटेल, तेव्हा दुसऱ्या हाताला एक टॉर्च.

उलट्या १८-५५ ची गंमत म्हणजे झूमही उलटं चालतं. ५५ ला कमी मोठं, १८ ला प्रचंड मोठं. सुरुवात ५५ वरच करा, १८ वर गेलात तर कोळी सापडणारच नाही, नुसतंच हिरवं हिरवं दिसत राहील आणि वैताग येईल. अंतर मात्र चार बोटांएवढंच उरतं, तुमचा कोळी धीट दिसतो म्हणून जमेल.

पैसे खर्च करायचेच असतील तर रेनॉक्स डीसीआर-२५० नावाचं क्लिपवर बसणारं भिंग घ्या, ८ डायऑप्टरचं (ही भिंगाची ताकद) आहे. ते ५५-२५० च्या तोंडावर चिमट्यासारखं बसतं, २५० ला झूम केलंत की जवळजवळ दुप्पट मोठी प्रतिमा मिळते आणि कोळी चार-साडेचार इंचांवर राहतो, म्हणजे तोही खूश तुम्हीही खूश. यात अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरूनच चालतं, एफ १६ पर्यंत बिनधास्त जा. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळ्या) घेऊ नका, त्या ५० एमएमसारख्या छोट्या लेन्सला बऱ्या, २५० ला फारसा फरक पडत नाही.

ऑटोफोकस बंद. फोकस रिंगला हात लावायचा नाही, स्वतः पुढेमागे डुलायचं आणि डोळा चमकला की दाबायचं. श्वास सोडून झाल्यावर. दहातला एक लागतो, माझाही दहातला एकच लागतो आणि मी हे बारा वर्षं करतोय.

अवांतर: बुरशी हसण्यावारी नेऊ नका. कोकणात लेन्स कपाटात नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायच्या.

---

गवती_चहा (रविवार, रात्री १०:५१)

आमच्या बाथरूममधे एक तळहाताएवढा आहे त्याला वाइड अँगल लेन्स लागेल. ह.घ्या.

---

आठपायी_ठाणे (रविवार, रात्री ११:१५)

ताई तो नाही, ती आहे! टेलामोनिया डिमिडिएटा, टू स्ट्राइप्ड जंपर (जंपर म्हणजे उड्या मारणारे कोळी), आणि तुम्ही सांगताय तो रंग मादीचाच. नर काळपट असतो, अंगावर पांढरी नक्षी, डोळ्यांभोवती लाल केस. दिसला तर त्याचेही फोटो टाका, तो जास्त ऐटीत असतो.

या बिचारीची नेटवर लई बदनामी झालीये. २००२ च्या सुमारास एक ईमेल फिरत होता की ही टॉयलेटच्या सीटखाली लपते आणि चावली की माणूस मरतो. सगळी थाप. माझ्या हातावर कितीदा चालून गेलीये, एकदाही चावली नाही. आणि सासूबाईंना सांगा की फोड बहुतेक वेळा कोळ्यामुळे येतच नाहीत, पावसाळ्यात लाइटवर एक काळा-नारिंगी लांबोडका किडा येतो, पेडेरस म्हणतात त्याला, तो मानेवर बसला आणि आपण झटक्यात चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडी भाजतं. सकाळी रेघेसारखे फोड दिसतात, किडा केव्हाच गेलेला असतो आणि कोपऱ्यात कोळी बसलेला दिसतो, झालं, नाव त्याचं.

आता डोळ्यांबद्दल, कारण तुम्हाला तेच हवंय. जंपरला आठ डोळे, त्यातले पुढचे दोन मोठे. त्यांचं भिंग पक्कं बसवलेलं असतं, हलत नाही, पण मागे एक लांब नळी असते आणि तिच्या टोकाला पडदा, ती नळी आतल्या आत हलते. त्यामुळे ती थेट तुमच्याकडे बघत असली की डोळा काळाभोर दिसतो आणि नजर दुसरीकडे गेली की तोच डोळा मधाच्या किंवा हिरवट रंगाचा होतो. एका मिनिटात चार वेळा बदलतो. कॅमेरा न लावता नुसतं भिंग घेऊन बघा एकदा, अंगावर काटा येतो. मला काळा डोळा आवडतो, पण कधीकधी एक काळा आणि एक मधाळ असा फोटो मिळतो तो जॅकपॉट.

भिंगवाला काकांनी लाइटचं काहीच सांगितलं नाही म्हणून मी सांगतो, कारण माझ्या मते लेन्सपेक्षा निम्म्याहून जास्त काम लाइटचं आहे. तो डोळा म्हणजे काळी काचेची गोटी समजा, समोर जे असेल ते त्यात दिसणार. तुमचा फ्लॅश चिंचोक्याएवढा म्हणून डोळ्यात टिंब. समोर वहीच्या पानाएवढा पांढरा पडदा असेल तर डोळ्यात मऊ चौकोन दिसेल आणि पाठही जळणार नाही. उभ्या गोल डब्यात वेफर्स येतात ना, तो डबा तिरका कापून फ्लॅशवर बसवा, आतून चंदेरी असतो त्यामुळे उजेड पुढे जातो, आणि तोंडाला नवीन मिक्सरच्या पॅकिंगमधे येतो तो पांढरा पातळ फोम दोन घड्या करून चिकटवा. डब्याचं तोंड कोळ्याच्या जितकं जवळ आणि जितकं मोठं तितकं चांगलं. मॅन्युअल मोड, शटर १/१६० सेकंद, आयएसओ (उजेड पकडायची ताकद) २०० ते ४००, फ्लॅश थोडा कमी करून. फ्लॅशचा उजेड क्षणभरच असतो त्यामुळे हात हलला तरी चालतं. मागचं काळं येईल, ते नको असेल तर मागे जास्वंदीचंच एक पान धरा.

हात कसा धरायचा ते पण महत्त्वाचं. डाव्या हाताच्या दोन बोटांत तेच पान किंवा फांदी पकडायची आणि त्याच हाताच्या मुठीवर लेन्स टेकवायची. मग वारा आला तर पान, हात, लेन्स सगळं एकत्र हलतं.

आणि उडी मारली तर घाबरू नका, उडीच्या आधी ती पानाला धागा चिकटवते, खाली पडली तरी लोंबकळत राहते, धागा हळूच उचलून परत पानावर ठेवायची. लेन्सवर उडी मारेल कधीतरी, स्वतःचं प्रतिबिंब दिसतं त्यात.

---

क्लोजअप_किंग (सोमवार, सकाळी ८:०५)

एवढं कशाला, डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमधे ठेवा, गार पडली की हलत नाही. ट्रायपॉड लावून आरामात वीस-पंचवीस फोटो काढून स्टॅकिंग करा (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करायचा). माझे सगळे असेच आहेत.

---

आठपायी_ठाणे (सोमवार, सकाळी ८:४०)

दादा, तुमचे फोटो बघितलेत मी आणि राग नका मानू, ते बघितल्यावर लगेच कळतं. पाय पोटाखाली ओढलेले असतात, पुढचे मिशीसारखे दोन पाय लोंबलेले, आणि ओलसर कोळी कोरड्या पानावर. कोळी पाय मागे घेतो तो स्नायूंनी, पण मोठ्या सांध्यांतून सरळ करतो तो आतल्या द्रवाच्या दाबाने. गारठल्यावर पाय आखडतात, मेलेला कोळी मुठीसारखा होतो तसेच. त्या अवस्थेतला फोटो पासपोर्ट फोटोसारखा येणार, शार्प पण जीव नाही.

थंडच हवी असेल तर पहाटे सहाला जा. ती आपणहूनच गारठलेली असते, अंगावर दव असतं, ऊन येईपर्यंत फार हलत नाही. आठ-दहा फोटो सलग हातानेच पुढे सरकत काढले तरी स्टॅक होतात.

---

क्लोजअप_किंग (सोमवार, सकाळी ९:१२)

पहाटे सहाला उठणारा माणूस नाही मी. पण पायांचं म्हणताय ते बघतो.

---

शेंगाचटणी (सोमवार, दुपारी १:२०)

आमच्याकडं सोलापुरात कॅमेरा नाही, मोबाइलवरच काढतो आम्ही, चालतंय का इथं?

एक सांगतो, मोबाइलमधी जो २ मेगापिक्सेलचा मॅक्रो म्हणून देतात ना त्याला हात लावू नका, त्यापेक्षा मेन कॅमेऱ्यावर जुन्या डीव्हीडी प्लेअरचं बारकं भिंग बसवून बघा, केसाच्या पिनमधी अडकवून टेपनं चिकटवायचं. कडा वाकड्या येतात पण मधलं झकास येतंय. फक्त कोळ्याला नाक लावायची वेळ येते, उजेड पण आपणच अडवतो, म्हणून बाजूला पांढरा कागद धरायला पोरगं उभं करायचं.

जंपर मला जमत नाही, पळतंय ते. मी जाळ्यातले काढतो, ते जाग्यावर बसत्यात. सिग्नेचर स्पायडर बघितलाय का, अर्जिओपी, जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली मारतो आणि आठ पाय दोन-दोन जोडून त्या फुलीवर ठेवून उलटा बसतो. मादी एवढी ठसठशीत आणि नर बघाल तर डासासारखा, जाळ्याच्या कडंला भीत भीत. जाळं फोटोत दिसत नाही म्हणून लोक त्याच्यावर पावडर टाकतात, तसलं करू नका, त्याचं जेवणाचं ताट हाय ते. मागं काळी छत्री उघडून धरायची आणि ऊन बाजूनं घ्यायचं, धागा न धागा दिसतोय. फोकस जाळ्यावर बसत नसला तर तेवढ्याच अंतरावर बोट धरून आधी बोटावर फोकस लॉक करा, मग बोट काढा.

बाभळीवर आमच्याकडं शेकड्यानं कोळी एका घरट्यात राहत्यात, स्टेगोडिफस म्हणत्यात म्हणे. गावात जळमट म्हणून जाळून टाकतात लोक. त्याचे फोटो वेगळा धागा काढून टाकतो.

---

परड्यातली (मंगळवार, रात्री ९:१०)

किती लिहिलंत हो सगळ्यांनी! आधी प्रगती सांगते.

रिंग मागवलीये, येईपर्यंत लेन्स उलटी करून इन्सुलेशन टेपने चिकटवली (नवऱ्याला सांगू नका). पाकळ्या मिटायची ती ट्रिक तिसऱ्या प्रयत्नात जमली. वेफर्सचा डबा मुलाने एका बैठकीत रिकामा करून दिला, त्याबद्दल त्याला शास्त्राची खूप आवड असल्याचं जाहीर केलंय त्याने. फोम मिक्सरच्या खोक्यात मिळाला.

आज पहाटे सव्वासहाला गेले. ती पानाच्या खालच्या बाजूला, दवाचे दोन थेंब डोक्यावर. ऐंशी काढले, अठ्ठ्याहत्तर वाया. एकात मात्र आलाय हो डोळा! उजवा. काळाभोर, त्यात पांढरा चौकोन, आणि त्या चौकोनात आडवी काळी रेघ आहे, आधी वाटलं भिंगाला चरा गेला की काय, मग मोठा करून बघितलं तर ती डब्याला लावलेल्या माझ्या टेपची पट्टी! डोळ्याभोवतीचे शेंदरी केस एकेक मोजता येतात. डावा डोळा जरा मऊ आहे, कारण ती तिरकी बसली होती.

सासूबाईंना फोटो दाखवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, हिला पापण्या आहेत की गो. पापण्या नाहीत ते केस आहेत, पण मी काही दुरुस्त केलं नाही. पेडेरसचं सांगितलं तर म्हणाल्या तो किडा मला माहीत आहे, देवघराच्या दिव्यावर येतो, पण कोळीपण मुततोच.

---

भिंगवाला (मंगळवार, रात्री ९:४५)

पहिला फोटो असा असेल तर आम्ही दुकान बंद करावं म्हणतो. टेपची पट्टी तशीच राहू द्या, सही समजा.

डावा डोळा येत नाही कारण शार्प भागाचा पापुद्रा सेन्सरला समांतर असतो. कोळी सरळ करायचा नाही, आपण फिरायचं. दोन्ही डोळे एका रेषेत येतील असं तोंड करा, मग तेवढा पापुद्रासुद्धा पुरतो.

---

आठपायी_ठाणे (मंगळवार, रात्री १०:०२)

कडक!! एकच विनंती, चेहऱ्याबरोबर वरून पाठीचा एक आणि जमला तर बाजूचा एक असा साधा फोटोही काढत जा. नुसत्या चेहऱ्यावरून भल्याभल्यांना ओळख पटवता येत नाही, बऱ्याच जातींना तर मायक्रोस्कोपखाली जननेंद्रियं बघावी लागतात. आयनॅचरलिस्टवर (जीवजंतूंच्या नोंदींची वेबसाइट) टाका, चिपळूणची नोंद राहील. आपल्या ठाणे-कल्याणच्या गर्दीतून २०२१ मधे जंपरची एक नवीन जात नोंदवली गेली, इसियस तुकारामी, २६/११ ला कसाबला पकडून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंचं नाव दिलंय तिला. परड्यात काय काय निघेल सांगता येत नाही.

आणि रात्री एकदा टॉर्च कपाळाला लावून गवताकडे बघा, हातात धरून नाही, डोळ्यांच्या उंचीवरच हवा. दवबिंदूसारखे हिरवे ठिपके लुकलुकतील, ते वुल्फ स्पायडरचे डोळे, मांजरासारखे चमकतात. जंपर तेव्हा दिसणार नाही, ती रेशमी पिशवी करून आत झोपलेली असते.

---

परड्यातली (शनिवार, सायंकाळी ६:५५)

मंडळी, घोळ झालाय. तीन दिवस ती दिसली नाही. मोहीम आमच्या घरात काल झाली, मला वाटलं गेली बहुतेक केरसुणीखाली. आज कळ्या काढताना एक पान वळलेलं दिसलं, कडा पांढऱ्या धाग्याने शिवल्यासारख्या, आत कापसासारखं काहीतरी आणि त्याच्यावर ती बसलेली, नुसती. पाय हलवत नाही, वळून बघतही नाही. मेली का? पान उघडून बघू?

---

आठपायी_ठाणे (शनिवार, सायंकाळी ७:०१)

उघडू नका!!! अंडी घातलीयेत. आई राखण करत बसते, त्या काळात शिकार जवळजवळ सोडते. दोन-तीन आठवडे धीर धरा. फ्लॅशही नको सारखा, लांबून एखादा काढा. पिल्लं बाहेर पडतील ती खसखशीएवढी, चेहरा मात्र अगदी आईसारखाच, तेव्हा तुमची १८ ची झूम कामाला येईल.

---

गवती_चहा (शनिवार, सायंकाळी ७:३०)

बारशाचं आमंत्रण द्या. नावं सुचवायला आम्ही आहोतच.

---

परड्यातली (रविवार, सकाळी ७:४८)

हुश्श. नाही उघडलं.

पण आज सकाळी वेगळंच. जास्वंद छाटायला आज गडी यायचा होता हे मी विसरलेच होते, आठवलं तशी पळत परड्यात गेले तर त्या फांदीला लाल दोरा बांधलेला, वटपौर्णिमेचा उरलेला असावा. मी विचारलं कोणी बांधला, तर सासूबाई चुलीपाशी पाणी तापवत होत्या, मागे न बघता म्हणाल्या, पलीकडली छाट म्हटलंय मी त्याला, ती नको.